सॅफ कप: आपल्याला किरकोळ, शेजाऱ्यांना जीव की प्राण

मधली_फळी

सॅफ (दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ) चॅम्पियनशिपबद्दल मराठीत नीट असं काही वाचायला मिळत नाही. क्रिकेटचा आशिया कप आला की धाग्यांवर धागे निघतात, पण दक्षिण आशियातल्या फुटबॉल टीम १९९३ पासून एकमेकांशी भिडतायत त्यावर कोणी अक्षर लिहीत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, भूतान आणि पाकिस्तान या सात देशांच्या नॅशनल टीमची ही स्पर्धा, मधली काही वर्षं अफगाणिस्तानपण होता. पहिली लाहोरला झाली, तेव्हा नाव सार्क गोल्ड कप, आणि ती आपण जिंकली. २०२३ पर्यंत १४ स्पर्धा झाल्या त्यातल्या ९ आपल्या. मालदीव २, श्रीलंका, बांगलादेश आणि अफगाणिस्तान प्रत्येकी १. एक २००३ सोडलं तर आपण प्रत्येक वेळी पहिल्या दोनात आहोत.

आणि नेमका हाच आकडा बघून आपल्याकडचे लोक म्हणतात की मग यात काय मजा, आपणच जिंकणार. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण फायनलला जाऊन आपण १९९५, २००८, २०१३ आणि २०१८ असे चार वेळा हरलोय आणि त्या प्रत्येक वेळी समोरच्या देशात काय झालं ते बघा, म्हणजे ही स्पर्धा काय आहे ते कळेल.

२०१८ ची गोष्ट सांगतो, ढाक्याची. आपल्या ग्रुपमध्ये फक्त तीन टीम, आपण, मालदीव आणि श्रीलंका. आपण दोघांनाही २-० हरवलं आणि त्या दोघांची आपसातली मॅच ०-० सुटली. म्हणजे दोघांचा एक एक पॉइंट, दोघांचे शून्य गोल, दोघांनी खाल्लेले दोन दोन गोल. वेगळं काढायला काहीच उरलं नाही, तेव्हा नाणं उडवलं आणि कौल मालदीवच्या बाजूने लागला. एकही गोल न करता टीम सेमीत! त्यात कोच पेटार सेग्रट या क्रोएशियन माणसाने अली अश्फाकलाच टीममधून वगळलेलं, अश्फाक म्हणजे मालदीवचा देव आहे हो, २०१३ ला त्याने श्रीलंकेवर एका मॅचमध्ये ६ गोल मारले होते (ती मॅच १०-० सुटली). तर असा माणूस घरी, टीमवर चौफेर टीका, आणि त्या टीमने सेमीत नेपाळला ३-० आणि फायनलला आपल्याला २-१ हरवलं. महुधी हुसेनने पहिला मारला, सेकंड हाफमध्ये अली फासिरने दुसरा, आपला सुमित पासीचा गोल इंज्युरी टाइममध्ये आला तोवर वेळ निघून गेलेली.

आता यात आपली बाजू काय होती तर आपण २३ वर्षांखालची टीम पाठवलेली. पुढे जानेवारीत एशियन कप होता, कॉन्स्टंटाइन कोच होता, सिनियर लोकांना विश्रांती आणि नव्यांना संधी असा हिशोब होता. हिशोब चूक होता असं मी म्हणत नाही, पण जी ट्रॉफी शेजारच्या देशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आहे ती आपण सरावाची मॅच समजतो हे मला पटत नाही. पूर्ण टीम घेऊन जा, हरलात तर हरलात.

तर मंडळींना विचारायचंय: पूर्ण टीम पाठवावी का? २०२३ ला कुवेत-लेबनॉनला बोलावलं तशा दक्षिण आशियाबाहेरच्या टीम बोलवाव्यात का? आणि प्रत्यक्ष मॅच कोणी बघितल्या असतील तर लिहा ना, खूप उत्सुकता आहे.

शाहू_मैदान

कोल्हापुरातून हजेरी. मधली_फळी दादा, धागा काढलात बरं केलंत.

तुम्ही म्हणताय ते आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की शाहू स्टेडियमला काय गर्दी होते ते बाहेरच्याला सांगून पटत नाही, आणि बाहेरचा माणूस हेच म्हणणार की अहो ही शहरातली लोकल मॅच, हिला काय एवढं. पण ज्याच्या तालमीची टीम आहे त्याला विचारा. शेजाऱ्याशी असलेली मॅच ही रँकिंगवर मोजायची गोष्टच नव्हे.

नेपाळचं बघा. दशरथ रंगशाला भरलेलं असतं, लोक सकाळपासून येऊन बसतात. २०१३ ला तिथेच ग्रुपमध्ये त्यांनी आपल्याला २-१ हरवलं होतं आणि काठमांडूत जल्लोष झाला. पण नेपाळने हा कप अजून एकदाही जिंकलेला नाही. २०२१ ला मालेमध्ये पहिल्यांदा फायनलला आले तर समोर आपण, ३-० हरले. कॅप्टन सुनील छेत्री, सुरेश वांगजाम आणि शेवटी सहल अब्दुल समदने तिघा-चौघांना चकवून मारलेला तो गोल. छेत्रीचा तो ८० वा, तेव्हा मेस्सीची बरोबरी झालेली म्हणून पेपरात थोडं आलं तरी, नाहीतर आतल्या पानावर चार ओळी.

त्या २०२१ च्या टीममध्ये मुंबईचा राहुल भेके होता, गोव्याचा मंदार राव देसाई होता. किती मराठी लोकांना माहिती आहे? आमच्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला तेव्हा आख्ख्या जिल्ह्यात फ्लेक्स लागलेले, म्हणजे लोकांना रस आहे, फक्त सांगणारं कोणी पाहिजे.

पूर्ण टीम पाठवावी का, तर शंभर टक्के पाठवावी. आमच्याकडे समोरची टीम दुबळी म्हणून मेन प्लेयर बसवले आणि मॅच गेली तर पब्लिक वर्षभर विचारतं.

नवीनच

प्रश्न विचारतो, मला यातलं फार कळत नाही. अफगाणिस्तान आधी होता आणि आता नाही असं का? आणि पाकिस्तान कितव्यांदा जिंकलाय?

मधली_फळी

@नवीनच, पाकिस्तान एकदाही नाही, फायनलपर्यंतसुद्धा कधी आलेला नाही. त्यांच्या फेडरेशनमध्ये भांडणं इतकी की फिफाने २०१७ आणि नंतर २०२१ ला सस्पेंड केलं. प्लेयर काय करणार, मॅचच नाहीत.

अफगाणिस्तान २०१५ च्या स्पर्धेनंतर मध्य आशियाच्या गटात गेला, इराण-ताजिकिस्तान वगैरे असतात त्यात. त्यांची शेवटची सॅफ मॅच त्रिवेंद्रमची फायनल. स्पर्धा २०१५ ची पण फायनल ३ जानेवारी २०१६ ला झाली. झुबैर आमिरीने त्यांना पुढे नेलं, दोनच मिनिटांत जेजेने बरोबरी केली आणि एक्स्ट्रा टाइममध्ये छेत्रीने मारला. त्याच स्पर्धेत छांगटे पहिल्यांदा भारताकडून खेळला, अठरा वर्षांचा होता, आणि नेपाळवर दोन गोल! कोवळ्या पोरांना संधी द्यायची तर अशी, सिनियर लोकांच्या बरोबर. आख्खी टीमच ज्युनियर पाठवून नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे.

अफगाणिस्तानच्या २०१३ वर सविस्तर लिहायचंय, रात्री लिहितो.

मडगावकर

१९९९ ची स्पर्धा आमच्या गोव्यात झाली होती, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमला. एप्रिल संपत आलेला, १ मे ला फायनल, उकाडा असा की बसल्या जागी शर्ट भिजायचा. मी कॉलेजात होतो. फायनल भारत-बांगलादेश, आपण २-० जिंकलो. गोव्याचा ब्रूनो कुतिन्हो टीममध्ये, भुतिया ऐन भरात. आमच्याकडे लोक क्लबसाठी भांडणारे, साळगावकरवाले वेगळे, धेंपोवाले वेगळे, चर्चिलवाले वेगळे, ते सगळे त्या दिवशी एका बाजूला बसलेले बघितले.

मला जास्त लक्षात राहिले ते बांगलादेशचे प्लेयर. हरल्यावर मैदानातच बसून राहिले होते बराच वेळ. तेव्हा वाटलं होतं की एवढं काय, पण नंतर कळत गेलं. ढाक्यात त्या काळी आबाहनी-मोहामेडान या क्लबांच्या मॅचला शहर बंद पडायचं, फुटबॉल हाच त्यांचा पहिला खेळ होता, क्रिकेट नंतर आलं. आणि चारच वर्षांनी, २००३ ला, ढाक्यातच त्यांनी सेमीत आपल्याला गोल्डन गोलवर (एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल मारणारा जिंकला, असा तेव्हाचा नियम) २-१ हरवलं आणि फायनलला मालदीवला पेनल्टीवर हरवून कप घेतला. मोतीउर मुन्नाचा तो गोल तिथली माणसं अजून काढतात. त्यानंतर आपल्याला हरवायला त्यांना २२ वर्षं लागली, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एशियन कपच्या क्वालिफायरमध्ये ढाक्यात १-०. इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा चौधरी आल्यापासून स्टेडियम पुन्हा भरायला लागलंय तिकडे, हे फार चांगलं झालं, खरंच सांगतो, हरल्याचं वाईट वाटलं तरी.

२००५ च्या कराची फायनलचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून करतो. परत भारत-बांगलादेश, परत २-०, आणि पहिला गोल महेश गवळीचा. आमचा डिफेंडर. कराचीत जाऊन भारताच्या टीमने कप उचलला आणि पहिला गोल गोव्याच्या पोराचा, हे शाळेच्या पुस्तकात यायला पाहिजे असं मला वाटतं.

वेस्टब्लॉक

मी मूळची सांगलीची, आता बेंगळुरूत. २०२३ ची स्पर्धा कंठीरवा स्टेडियमला झाली तेव्हा नवरा आणि मी भारताच्या मॅचना गेलो होतो, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली मॅच पाकिस्तानशी, २१ जून, पाऊस. पाकिस्तानची टीम मॉरिशसहून निघालेली, व्हिसाला उशीर झाला आणि ते लोक मॅचच्याच दिवशी बेंगळुरूत उतरले, तेही सगळे एकत्र नाही, दोन खेपांमध्ये. तसेच मैदानात उतरले, ४-० हरले. छेत्रीची हॅटट्रिक, एक उदांता सिंगचा. मी अर्थातच ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, पण खरं सांगायचं तर ती मॅच बरोबरीची नव्हती. कोणत्याही टीमला प्रवासातून थेट मैदानात उतरवू नये. यजमान आपण होतो, स्पर्धा नीट व्हावी ही जबाबदारी आपली, मग समोर कोणीही असो.

नंतर कुवेतशी ग्रुपमध्ये १-१, शेवटच्या मिनिटांत अन्वर अलीकडून स्वतःच्याच जाळ्यात बॉल गेला, स्टेडियम एकदम गप्प. सेमी लेबनॉनशी, ०-०, एक्स्ट्रा टाइममध्येही काही नाही, पेनल्टीवर ४-२. आणि मग ४ जुलैची फायनल परत कुवेत. चौदाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला, शबीब अल खालदी. मग छांगटेने बरोबरी केली आणि तो गोल कसा झाला ते बघा कुठे मिळालं तर, आशिक-छेत्री-सहल अशी एका टचची पासिंग आणि शेवटी छांगटे रिकाम्या जाळ्यासमोर. भारतीय टीमने असा गोल केलेला मी तोवर बघितलेला नव्हता.

शूटआउट पाच पाच झाल्यावरही ४-४. सडन डेथला महेश सिंगने मारला आणि मग गुरप्रीत डावीकडे झेपावला आणि हाजियाची पेनल्टी अडवली. त्यानंतर सव्वीस हजार लोकांनी मिळून वंदे मातरम् म्हटलं. बाजूला एक केरळचं कुटुंब होतं, मागे मणिपूरची पोरं होती, मेच्या सुरुवातीपासून मणिपूर जळत होतं तेव्हा, ती पोरं रडत होती आणि आम्ही कोणीच त्यांना काही विचारलं नाही.

बाहेरच्या टीम बोलवाव्यात का या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, बोलवाव्यात. त्या कुवेत आणि लेबनॉनच्या मॅचनी टीम घडली.

कुवेतवासी

@वेस्टब्लॉक ताई, तुमच्या पोस्टला जोडून. मी १५-१६ वर्षं कुवेतला आहे. तुम्ही बेंगळुरूत बघत होतात तेव्हा आम्ही इथे टीव्हीवर, आणि माझे कुवेती सहकारी दुसऱ्या दिवशी मनापासून अभिनंदन करत होते. १९८२ चा वर्ल्ड कप खेळलेला देश आहे हा, पण फिफाने २०१५ ला बंदी घातली ती २०१७ च्या शेवटी उठली, मधल्या काळात मॅचच नाहीत, रँकिंग घसरत १४० च्या पुढे गेलं. त्यांना मॅच हव्या होत्या म्हणून ते सॅफला आले, आपल्याला वरच्या दर्जाची टीम हवी होती, दोघांची गरज जुळली.

आणि त्याचा फायदा लगेच दिसला. १६ नोव्हेंबर २०२३, वर्ल्ड कप क्वालिफायर, जाबेर अल अहमद स्टेडियम. इथे आपले लोक किती आहेत ते सांगायला नको, मल्याळी सगळ्यात जास्त, पण महाराष्ट्र मंडळातलेही बरेच जण आले होते, एका बाजूला नुसता निळा रंग. ७५ व्या मिनिटाला डावीकडून छांगटेचा क्रॉस आणि मनवीरने पहिल्याच टचला मारला. १-० जिंकलो, परदेशात, वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये. ही मॅच बेंगळुरूत दोन वेळा त्यांच्याशी खेळल्याशिवाय जिंकलो नसतो असं माझं ठाम मत आहे. आपल्या प्लेयरना कळलं होतं की यांना रोखता येतं.

पुढे कोलकात्यात कुवेतशीच छेत्रीच्या शेवटच्या मॅचला ०-० झालं आणि दोहाच्या मॅचमध्ये कतारने बाहेर गेलेला बॉल ओढून आणून केलेला गोल रेफ्रीने दिला, आणि पुढच्या राउंडला कुवेत गेला, आपण नाही. त्याची हळहळ आजही आहे.

मधली_फळी

कुवेतवासी आणि वेस्टब्लॉक, तुमचं दोघांचंही म्हणणं आपल्या बाजूने अगदी बरोबर आहे. आपला फायदा झाला, प्रश्नच नाही. पण दुसऱ्या बाजूने बघा ना.

२०२३ च्या सेमीफायनलच्या चार टीम कोणत्या? भारत, कुवेत, लेबनॉन, बांगलादेश. म्हणजे नेपाळ, मालदीव, भूतान, पाकिस्तान ग्रुपमध्येच बाद. श्रीलंकेवर तेव्हा फिफाची बंदी होती त्यामुळे ते आलेच नव्हते. बांगलादेश २००९ नंतर पहिल्यांदा सेमीत आला होता, मालदीव आणि भूतान दोघांना ३-१ हरवून आलेला, आणि सेमीत कुवेतशी नव्वद मिनिटं ०-० टिकला. एक्स्ट्रा टाइममध्ये गोल खाऊन हरला. तिथे कुवेतऐवजी कोणी शेजारी असता तर बांगलादेश कदाचित फायनलला असता, १८ वर्षांनी. ढाक्यात काय झालं असतं विचार करा.

आपल्याला मोठ्या टीमशी खेळायचंय तर त्याला इतर जागा आहेत. २०२५ ला आपण मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपला पाहुणे म्हणून गेलोच की, खालिद जमील कोच झाल्यावर लगेच, ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो. तसं जा, जरूर जा. पण मालदीव-नेपाळ-भूतानला ट्रॉफी जिंकण्याची शक्यता असलेली ही एकच स्पर्धा आहे, ती त्यांच्याकडून काढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कॉर्नरफ्लॅग

इतक्या पोस्ट झाल्या आणि बायकांच्या सॅफबद्दल एक शब्द नाही? मग मीच लिहिते, कारण "आपणच जिंकणार" याचं काय होतं ते तिथे अगदी स्पष्ट दिसतं.

महिलांची सॅफ २०१० ला सुरू झाली, कॉक्स बाजारला. पहिल्या पाचच्या पाच आपण जिंकलो, २०१०, १२, १४, १६ आणि १९. एकही मॅच हरलो नव्हतो. आणि मग २०२२ ला काठमांडूत ग्रुपमध्ये बांगलादेशने ३-० हरवलं, सेमीत नेपाळने १-० हरवून घरी पाठवलं. फायनलला बांगलादेशने दशरथ रंगशालामध्ये, नेपाळच्या पब्लिकसमोर, नेपाळला ३-१ हरवलं. सबिना खातून कॅप्टन, ८ गोल. टीम ढाक्याला परतली तेव्हा उघड्या बसमधून मिरवणूक निघाली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं.

हे एका रात्रीत झालेलं नाही. मैमनसिंग जिल्ह्यात कलसिंदूर नावाचं गाव आहे, मेघालयच्या सीमेजवळ. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलींना शिक्षकांनी फुटबॉल खेळायला लावलं, शाळांच्या स्पर्धा जिंकता जिंकता त्याच मुली नॅशनल टीममध्ये गेल्या. मारिया मांडा, सानजिदा अख्तर तिथल्याच. कसलं ग्राउंड आणि कसले बूट, गावात वीजसुद्धा नंतर आली, मुली जिंकायला लागल्यावर. फेडरेशनने मग या मुलींना ढाक्यात एकत्र ठेवून वर्षानुवर्षं ट्रेनिंग दिलं. आपल्या महिला टीमचे कॅम्प त्या काळात किती आणि कधी लागत होते ते आठवा.

२०२४ ला परत काठमांडू. ग्रुपमध्ये बांगलादेशकडून परत हरलो, ३-१. सेमी परत नेपाळशी आणि ती मॅच मी आयुष्यात विसरणार नाही. संगीता बासफोरने लांबून जबरदस्त गोल मारला, आपल्या मुली अजून आनंद साजरा करत होत्या तेवढ्यात नेपाळने मॅच सुरू करून गोल टाकला, रेफ्रीने तो नाकारला आणि नेपाळची टीम खेळायलाच तयार होईना. तासाभराहून जास्त वेळ खेळ बंद! स्टेडियममध्ये आरडाओरडा, आपल्या मुली थंडीत अंग गार पडू नये म्हणून कडेला पळतायत. मग खेळ सुरू झाला आणि लगेच साबित्रा भंडारीने बरोबरी केली, पेनल्टीवर आपण हरलो. त्यानंतर फायनलला बांगलादेश २-१, ऋतुपर्णा चकमाचा शेवटचा गोल साइडलाइनजवळून कमान घेत गेला, बघाच.

रेफ्रीवर, वेळेवर खापर फोडता येईल. पण मुद्दा तो नाही. शेजारच्यांनी दहा वर्षं काम केलं आणि आपण पाच कप मोजत बसलो. यातून आपल्याकडेही हालचाल झाली असावी, २०२५ च्या जुलैत थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आपल्या मुली एशियन कपला क्वालिफाय झाल्या आणि त्याच आठवड्यात बांगलादेशच्या मुलीही, त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा. दोन शेजारी एकाच वेळी. मला दोन्हींचा सारखाच आनंद झाला.

शाहू_मैदान

कॉर्नरफ्लॅग ताई, कडक पोस्ट. कलसिंदूरचं माहितीच नव्हतं. इथे शाळांमध्ये हे करायला काय हरकत आहे, मैदानं आहेत, मुली खेळायला तयार आहेत.

मधली_फळी

काल म्हटल्याप्रमाणे अफगाणिस्तान २०१३.

काबूलचं गाझी स्टेडियम तालिबानच्या पहिल्या राजवटीत कशासाठी वापरलं जायचं ते बहुतेकांना माहिती आहे, तिथे लोकांना जाहीर फाशी-गोळ्या दिल्या जायच्या. त्याच्या शेजारच्या नव्या मैदानावर २० ऑगस्ट २०१३ ला अफगाणिस्तान-पाकिस्तान मैत्रीची मॅच झाली, दहा वर्षांत काबूलमध्ये झालेली पहिली इंटरनॅशनल मॅच, यजमान ३-० जिंकले. तिथून तीन आठवड्यांत सॅफ. टीममधले बरेच जण निर्वासित घरांतले, जर्मनीत वाढलेले. गोलकीपर मन्सूर फकिरयार त्यातलाच. सेमीत यजमान नेपाळ, अख्खं दशरथ रंगशाला विरोधात, आणि या माणसाने एकाच मॅचमध्ये दोन पेनल्टी अडवल्या, १-० जिंकून फायनलला.

११ सप्टेंबरला फायनल आपल्याशी. दोन वर्षांआधी दिल्लीत आपण त्यांना फायनलला ४-० धुतलं होतं, तेव्हा त्यांच्या गोलकीपरला रेड कार्ड मिळालेलं आणि त्यांचा राग शांत झालेला नव्हता. आठव्या मिनिटाला मुस्तफा आझादझोय, साठाव्या मिनिटानंतर संजर अहमदी. २-०. काबूलमध्ये लोक रस्त्यावर, पश्तून, ताजिक, हजारा सगळे एका झेंड्याखाली नाचतायत, हवेत गोळीबार चाललाय आणि लोकांना सांगावं लागतंय की घाबरू नका, हा आनंदाचा आहे. त्या वर्षीचं फिफाचं फेअर प्ले अवॉर्ड अफगाणिस्तानच्या फेडरेशनला मिळालं.

आपण ती फायनल हरलो याचं दुःख मला आजही आहे, डिफेन्स इतका ढिसाळ होता. पण त्या रात्री काबूलचे व्हिडिओ बघताना डोळ्यांत पाणी आलं होतं.

नवीनच

हे सगळं वाचून रात्री यूट्यूबवर २०१८ आणि २०२३ च्या फायनलचे हायलाइट्स बघितले. अजून एक विचारतो, भूतानचं काय? त्यांच्याबद्दल कोणीच लिहिलं नाही.

मडगावकर

भूतान सॅफमध्ये २००३ पासून आहे आणि बहुतेक वेळा ग्रुपमध्येच संपतो. पण २००८ ला ते सेमीला आले होते. समोर आपण. आणि आधी गोल त्यांनी केला! छेत्रीने बरोबरी केली, नव्वद मिनिटांत निकाल नाही, एक्स्ट्रा टाइमही संपत आलेला, पेनल्टी दिसायला लागलेल्या आणि अगदी शेवटी गौरमांगी सिंगने गोल काढला म्हणून वाचलो. मग फायनलला कोलंबोत मालदीवने शेवटच्या काही मिनिटांत गोल मारून आपल्याला हरवलं, त्यांचा पहिला कप तो.

२०१५ च्या मार्चमध्ये भूतान फिफा रँकिंगमध्ये २०९ वा होता, म्हणजे जगात शेवटचा. वर्ल्ड कप क्वालिफायरला श्रीलंका आली. कोलंबोत १-० जिंकले आणि थिंफूला परतीच्या मॅचला २-१, दोन्ही गोल चेंचो ग्येल्त्शेनचे. थिंफूत त्या दिवशी सरकारने लवकर सुट्टी दिली होती. हाच चेंचो नंतर आय-लीगला मिनर्व्हा पंजाबकडून खेळला आणि २०१७-१८ ला ते चॅम्पियन झाले, आम्ही त्याला फातोर्ड्याला बघितलाय, काय पळायचा. आपल्या लीगमध्ये शेजारच्या देशांतले असे प्लेयर जास्त यायला पाहिजेत, सबिना खातूनसुद्धा आपल्या महिला लीगला खेळून गेली आहे. त्यांनाही मॅच मिळतात आणि आपल्या पोरांनाही कळतं की पलीकडे कोण तयार होतंय.

२०२५ ची सॅफ पुढे ढकलली गेली. जेव्हा होईल तेव्हा आपल्यातले जे जवळ असतील त्यांनी तिकीट काढून जावं, आणि भारताची मॅच नसेल त्या दिवशीसुद्धा. भूतान-मालदीवला रिकाम्या स्टेडियमसमोर खेळायला लावू नका.